सरकारी साईटवर गवंड्यांचं सर्टिफिकेट मागतायत, कुणाला अनुभव आहे का?

बापू_शिरूर

नमस्कार मंडळी. मी आरसीसीचं लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतो, आत्तापर्यंत सगळी बिल्डरची कामं केली. पहिल्यांदाच सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्र सरकारचं बांधकाम खातं) नियमाने चाललेल्या एका ऑफिस बिल्डिंगवर आलोय, म्हणजे मेन ठेकेदार दुसरा, मी त्याच्या खाली. फुटिंगं भरून झाली, प्लिंथ झाली, कॉलम वर आले आणि आता मेन ठेकेदाराचा माणूस म्हणतो की गवंडी, सळईवाले आणि सेंटरिंगवाले, प्रत्येकातल्या वीस टक्के लोकांची सर्टिफिकेटं द्या, नाहीतर बिलातून कापणार.

माझ्याकडं गवंडी ३०, सळईवर २०, सेंटरिंगला २५. यातल्या कुणाकडं कसलं सर्टिफिकेट असणार? बापाच्या हाताखाली शिकलेली माणसं ही. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड बऱ्याच जणांकडं आहे, ते पुढं केलं तर म्हणे हे चालत नाही. का चालत नाही, त्याच्यावर सरकारचाच शिक्का आहे ना? आणि हा नियम खरा आहे का मेन ठेकेदार माझं बिल मारायला नवीन काहीतरी काढतोय, ते पण सांगा.

स्नेहल_सिव्हिल

नियम खरा आहे बापू, तुमच्या ठेकेदाराने काढलेला नाही. सीपीडब्ल्यूडीच्या कराराच्या सर्वसाधारण अटी असतात त्यात १९-के म्हणून कलम आहे. कामाच्या कुठल्याही टप्प्यावर प्रत्येक ट्रेडमधल्या कुशल आणि अर्धकुशल कामगारांपैकी किमान २० टक्के लोक सर्टिफिकेटवाले हवेत, आणि ते सर्टिफिकेट आयटीआय, सीपीडब्ल्यूडीची स्वतःची ट्रेनिंग संस्था, निकमार, नॅशनल अकॅडमी ऑफ कन्स्ट्रक्शन, सीआयडीसी किंवा सरकारमान्य तत्सम संस्थेचं पाहिजे. ५ कोटींच्या आतल्या टेंडरला हे लागू नाही, म्हणूनच छोटी कामं करणाऱ्यांनी याचं नावही ऐकलेलं नसतं. आमच्याकडे टेंडर भरतानासुद्धा हे पान कुणी वाचत नाही, बिल अडकलं की मग सगळे वाचतात :)

दंड पण ऐकून घ्या. एका माणसामागे एका दिवसाला १०० रुपये. तुमच्या आकड्यांवर ६ गवंडी, ४ सळईवाले आणि ५ सेंटरिंगवाले म्हणजे १५ जण लागतात, एकही नसेल तर रोजचे १५०० आणि महिन्याचे ४५ हजार. मेन ठेकेदाराला ही रक्कम किरकोळ आहे, माणसं शोधत बसण्यापेक्षा दंड भरलेला बरा असं उघड म्हणणारे मी पाहिलेत. पण तो ती तुमच्याकडून वसूल करणार असेल तर तुमच्यासाठी ती किरकोळ नाही. तेव्हा पहिलं काम, तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये ही जबाबदारी तुमच्यावर टाकलीय का ते बघा. लिहिलेलं नसेल तर तसं त्याला सांगा, आणि लेखी सांगा.

शटरिंगवाला

वर्क ऑर्डर?? ताई, लेबर कॉन्ट्रॅक्टला कसली वर्क ऑर्डर, डायरीच्या पानावर रेट लिहून सही असते. तीपण एकाचीच.

निवृत्त_उपअभियंता

बापू, कार्डाचं सांगतो. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नवीन कामगार संहितांनी घेतली. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला दिला की मंडळाकडे नोंदणी होते. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो, त्यातून मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, अपघाताला पैसे मिळतात. म्हणजे तो माणूस बांधकाम कामगार आहे एवढंच ते कार्ड सांगतं. विटा वाहणाऱ्यालाही तेच आणि तीस वर्षांच्या मिस्त्रीलाही तेच. मेन ठेकेदाराचा माणूस त्या बाबतीत बरोबर आहे.

आता माझं मत. नोकरीत असताना मी ह्या सर्टिफिकेटांच्या फायली भरपूर पाहिल्या. स्पायरल बाइंडिंग, रंगीत झेरॉक्स, वर अनुक्रमणिका. हजेरीपत्रक शेजारी ठेवलं की त्यातली चार नावंसुद्धा जुळायची नाहीत. तीच आठ-दहा सर्टिफिकेटं एकाच वेळी चार साईटवर नांदत असायची आणि त्यातला एखादा तर गावाकडे किराणा दुकान चालवत असायचा. कलमात आणखी एक वाक्य आहे ते कुणी वापरत नाही: सर्टिफिकेट मंजूर झालं असलं तरी माणसाचं काम कच्चं दिसलं तर अभियंता लेखी कळवतो आणि दोन दिवसांत ठेकेदाराने तो माणूस बदलायचा. खरा दात तिथे आहे. पण त्यासाठी साहेबाला ऊन खात उभं राहावं लागतं.

मी काय बघायचो ते सांगतो. कॉलमच्या रिंगा. रिंगेचं टोक १३५ अंशात वळवून आत गाभ्यात जायला पाहिजे, भूकंपाच्या डिटेलिंगचं भारतीय मानक आयएस १३९२० तेच सांगतं. साईटवर ते ९० ला वळवून सोडलेलं असतं, कारण १३५ चा हूक बांधायला त्रास होतो, चावी नीट फिरत नाही. सळईवाल्याला विचारायचं, हा कोन का? ज्याला माहीत आहे तो सांगतो की सळईवरचं काँक्रीटचं कव्हर फुटलं की ९० चा हूक उघडतो आणि सळई बाहेर ढकलली जाते. असं उत्तर देणारा सापडला की त्याला मुकादम करा, सर्टिफिकेट असो नसो.

तारतंत्री

काकांच्या प्रतिसादाला +१, पण आमच्या लाईनला हे 'असो नसो' चालत नाही बरं का.

वायरिंगचं काम राज्य सरकारचं लायसन असलेल्या ठेकेदारानेच करायचं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, आणि हात लावणाऱ्याकडे परमिट पाहिजे. १९५६ च्या जुन्या वीज नियमांपासून हे आहे, मग केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आले, २०२३ ला ते बदलून नवीन आले, पण हा गाभा तोच राहिला. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला परमिट लागत नाही, त्याच्या पुढे लागतं. सरकारी काम असो की तुमचा बंगला. इथे २० टक्के वगैरे भानगड नाही.

आणि काम संपल्यावर टेस्ट रिपोर्टवर सही कोणाची तर आमची. इन्सुलेशनचं मेगर रीडिंग, अर्थिंगचा रेझिस्टन्स, सगळं त्यावर असतं, लायसन नंबरासकट. उद्या शॉर्टसर्किट होऊन कोण मेलं तर विद्युत निरीक्षक तो कागद काढतो आणि मला बोलावतो. गवंड्याला कोण बोलावतं? भिंत पडली तर ठेकेदार, आर्किटेक्ट, जेई (ज्युनिअर इंजिनिअर) यांची नावं पेपरात येतात, भिंत कुणी रचली ते कुणाला माहीतच नसतं.

शटरिंगवाला

तारतंत्री साहेब, सुपरवायझरचं परमिट वर्षाच्या बोलीवर भाड्याने मिळतं हे पण लिहा की. सही एकाची, काम भलत्याचंच, आणि सहीवाल्याने साईट बघितलेली पण नसते.

तारतंत्री

मिळतं. नाकारत नाही. पण भाड्याने देणारा झोपताना घाबरतो, कारण नाव त्याचं आहे. तुमच्या झेरॉक्सवाल्या किराणा दुकानदाराला कसली भीती?

पाईपलाईन_वेल्डर

वेल्डिंगबद्दल मी लिहितो, सोळा वर्षं हेच करतोय, जास्त करून पंपिंग स्टेशन आणि प्रेशर पाईप. आमच्यात आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजे फक्त गेटपास. खरी परीक्षा प्रत्येक साईटवर नव्याने. सिक्स-जी म्हणजे पाईप ४५ अंशात तिरका फिक्स करतात, तो फिरवायचा नाही, तुम्ही त्याच्याभोवती फिरायचं, खालून वर वेल्ड मारायचा. मग तो तुकडा कापून वाकवतात नाहीतर एक्स-रे काढतात. पास झालात तर तुम्हाला नंबर मिळतो, आणि प्रत्येक जॉइंटच्या शेजारी तो नंबर मारायचा. स्ट्रक्चरलच्या कामाला आपल्याकडे आयएस ७३१० ची टेस्ट घेतात, प्रेशरच्या कामाला अमेरिकन कोडचा सेक्शन नाईन.

ह्या सेक्शन नाईनमध्ये मला आवडलेली गोष्ट म्हणजे सहा महिने त्या प्रकारचं वेल्डिंग केलं नाही तर पात्रता संपते. परत टेस्ट द्या. मागे वडील आजारी म्हणून मी घरी बसलो होतो तर परत आल्यावर पुन्हा टेस्ट, एवढी वर्षं कोण विचारत नाही. राग आला होता, पण हात खरंच जड झाला होता हो, रूट पास म्हणजे तळाचा पहिला थर मारताना कळतं. याउलट गवंड्याचं किंवा इलेक्ट्रिशियनचं आयटीआय सर्टिफिकेट जन्मभर चालतं, मग मधली वीस वर्षं तुम्ही रिक्षा चालवली तरी.

रूळावरून

रेल्वेतली गोष्ट सांगतो, जवळचीच आहे. दोन रूळ जागेवर जोडतात तो थर्मिट वेल्ड, आम्ही एटी वेल्ड म्हणतो. साच्यात वितळलेलं लोखंड ओतून जोड करतात. तो वेल्डर रेल्वेमान्य ट्रेनिंग घेऊन सर्टिफाय झालेलाच लागतो, बाहेरच्या एजन्सीचा असला तरी. आणि जोड झाला की रुळाच्या वेबवर (मधल्या उभ्या भागावर) ॲल्युमिनियमची पट्टी लावतात, तीवर महिना, वर्ष, एजन्सी, वेल्डरचा कोड आणि जोडाचा नंबर. अल्ट्रासोनिक टेस्टला दोष निघाला किंवा जोड तुटला तर गँगमन पट्टी वाचून सांगतो कुणी केलाय. मग त्याच माणसाचे त्याच सुमाराचे बाकीचे जोडही तपासायला घेता येतात. बिल्डिंगवाल्यांनी असं काही का केलं नाही कळत नाही. निदान कॉलम कुणी बांधला ते पोअर कार्डवर (काँक्रीट ओतण्याआधी सह्या घेतात तो कागद) लिहायला काय हरकत आहे?

स्नेहल_सिव्हिल

पोअर कार्डवर आमच्याकडे ठेकेदाराचा इंजिनिअर, जेई आणि क्वालिटीवाला एवढ्यांच्या सह्या असतात. ज्याने सळई बांधली त्याचं नाव घालायचं कधी कुणाला सुचलेलंच नाही. रूळावरून यांचा मुद्दा मी आमच्या मीटिंगमध्ये काढणार आहे, हसतील, तरी काढणार.

भिमाकाठचा_गवंडी

मी स्वतः गवंडी हाय. बारावी नापास हाय पण मोबाईलवर मराठी लिवतो, तवा चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची परीक्षा झाली होती एका साईटवर, आरपीएल म्हनत्यात त्याला. प्रॅक्टिकलला भिंत रचायची, ती पंधरा जनांनी मस्त केली. ओळंबा सोडला तर दोरी आणि विटेत नख जाईना. मग आला टॅब. त्याच्यात प्रश्न हिंदीत, आनी चित्रं. ह्यातला फ्लेमिश बाँड कुठला? आमच्यातला म्हातारा मिस्त्री, त्यानं उभ्या आयुष्यात कुठं देवळाची कमान, कुठं वाड्याचं जोतं केल्यालं, तो टॅब उलटा धरून बसला. त्याला विटांची ती रचना करायला सांगा, डोळे झाकून करंल, पन नाव इंग्रजीत हाय ना. शेजारच्या पोरानं त्याच्या टॅबवर बोट दाबलं आनी म्हातारा पास झाला. आता सांगा ह्यात खरी परीक्षा कुठली आनी खोटी कुठली.

दुसरं म्हंजे दिवस मोडतो. गवंड्याची हजेरी आमच्याकडं नऊशे-हजार हाय. दोन दिवस टॅब आनी लेक्चर केलं तर ते पैसे कोन देनार? आनी सर्टिफिकेट आल्यावर हजेरी वाढती का? आमची एक रुपया वाढली न्हाई. ठेकेदाराची फाईल पूर्ण झाली बास.

बापू, एक कामाचं सांगतो. तुमच्या गँगमधी खेड्यातली पोरं असतील तर इचारा की घरकुलाचं गवंडी ट्रेनिंग कुनी केलंय का. प्रधानमंत्री आवासच्या ग्रामीणमधी ४५ दिवसाचं ट्रेनिंग असतंय, लाभार्थ्याचं खरं घर बांधूनच शिकिवत्यात आनी शेवटाला सर्टिफिकेट. माझ्या भाच्यानं केलंय. पोरं ते पेटीत ठिवत्यात आनी इसरत्यात.

आयटीआय_निदेशक

भीमाकाठच्या दादांनी नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. मी निदेशक आहे, मोजमापाची परीक्षा घेतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

आरपीएल म्हणजे आधी कमावलेल्या कौशल्याला मान्यता. २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, तिच्या दुसऱ्या टप्प्यात आरपीएलसाठी १२ तासांचं ओरिएंटेशन होतं आणि पास झाला की खात्यात ५०० रुपये. बांधकामाची परीक्षा कन्स्ट्रक्शन स्किल डेव्हलपमेंट कौन्सिलच्या मान्यतेने होते. शिकवणारी संस्था आणि तपासणारी संस्था वेगळी ठेवलेली आहे, कागदावर हे चांगलंच आहे. पण संस्थेला पैसे मिळतात डोकी मोजून, मग डोकी वाढतात. कॅगच्या अहवालात ह्या योजनेवर ताशेरे आहेत, बहुतेक लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, 'लागू नाही' किंवा काहीच नाही.

तरी बापूंना मी आरपीएलच सुचवेन, कारण तीस वर्षं थापी धरलेल्या माणसाला वर्षभर आयटीआयत बसवणार कोण? आमच्याकडे मेसन ट्रेडला आठवी पास चालतो, एक वर्षाचा कोर्स, तरी पोरं मिळत नाहीत. इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं आणि त्याला रांग. कारण सरळ आहे, इलेक्ट्रिशियनच्या कागदामागे परमिट आहे, लायसन आहे, पुढे स्वतःचा धंदा आहे. गवंड्याच्या कागदामागे काही नाही.

परीक्षक चांगला असेल तर टॅबशिवायही कळतं हो. मी भिंतीला ओळंबा लावतो, आयएस २२१२ प्रमाणे ३ मीटर उंचीत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. मग सांधे बघतो, आडवा सांधा सगळीकडे सारखा आहे का. मग त्याला एक विचारतो, विटा का भिजवल्या? ज्याने फक्त पाणी शिंपडलंय तो गप्प बसतो. ह्याला वीस मिनिटं लागतात, पण एका दिवसात साठ जण तपासायचे म्हटल्यावर वीस मिनिटं कोण देणार.

रेडिंगकर

इंग्लंडमधून लिहितोय, इथे साईट मॅनेजर आहे. इथे सीएससीएस कार्ड असतं. कायद्याने सक्ती नाही, पण मोठ्या साईटचं गेट त्याच्याशिवाय उघडत नाही. साधा लेबर हिरवं कार्ड, कुशल माणूस निळं, आणि निळ्यासाठी एनव्हीक्यू (कामाच्या कौशल्याचं इथलं प्रमाणपत्र) लेव्हल दोन. शिवाय सुरक्षेची परीक्षा वेगळी.

गंमत म्हणजे इथेही जुन्या मिस्त्रींचा प्रश्न होताच. मालकाच्या शिफारशीवर, नुसत्या अनुभवावर दिलेली जुनी कार्डं होती, ती सगळी ३१ डिसेंबर २०२४ ला बाद केली. तीस-चाळीस वर्षं काम केलेले लोक वैतागले, पन्नाशी-साठीत परीक्षा कशाला म्हणून. त्यांच्यासाठी परीक्षक साईटवर येतो, माणूस रोजचं काम करत असताना बघतो, फोटो काढतो, प्रश्न विचारतो, वर्गात बसायचं नाही. सगळे खूश आहेत असं नाही, दोघे-तिघे माझ्याच साईटवरून रिटायर झाले ह्याच कारणाने. पण कार्ड गेटवर स्कॅन होतं, त्यामुळे एक माणूस चार साईटवर असू शकत नाही.

निवृत्त_उपअभियंता

हे स्कॅनिंगचं आवडलं. आपल्याकडे आधारची हजेरी लावली की आमच्या काळच्या निम्म्या फायली मोडीत निघतील.

शटरिंगवाला

आणि निम्मे ठेकेदार पण. (हलके घ्या)

स्नेहल_सिव्हिल

बापू, एक राहिलंच. त्याच १९-के मध्ये पुढे असं आहे की काम १० कोटींच्या वर आणि ५० कोटींच्या आत असेल तर साईटवरच्या किमान २० टक्के अकुशल कामगारांना तिथेच ट्रेनिंग देऊन सर्टिफाय करायचं, ५० कोटींच्या वर ३० टक्के. त्याचा खर्च सरकारचा, ठेकेदाराने फक्त जागा आणि वर्कशॉप द्यायचं. म्हणजे तुमच्या मेन ठेकेदाराला हे करायचंच आहे, तो तुम्हाला सांगत नाहीये एवढंच. त्याला विचारा की आरपीएलचा कॅम्प त्याच वेळी लावता येईल का, आणि त्या दिवसांची हजेरी कोण देणार. हजेरीचं आधी ठरवा, मग माणसं बसवा.

बापू_शिरूर

सगळ्यांचे आभार, धागा परत वर काढतोय कारण थोडं पुढं सरकलंय.

भीमाकाठच्या दादा, तुमचे पाय कुठायत. गँगमध्ये विचारलं तर दोन पोरं निघाली घरकुलाचं ट्रेनिंग केलेली, एक गेवराईकडचा, एक जतचा. सर्टिफिकेट गावी पेटीत. फोन करून मागवली, एकाच्या बायकोनं व्हॉट्सॲपला फोटो टाकला त्यात वर हळदीकुंकवाचा डाग आहे पण नंबर वाचता येतोय. जेई साहेबांनी दोन्ही घेतली. म्हणजे सहापैकी दोन गवंडी झाले. गँगमधला एक बारावी झालेला पोरगा निघाला आयटीआय फिटर, तो सळईत धरा म्हटलं, साहेब म्हणाले तो ट्रेड वेगळा, नाही चालणार.

मेन ठेकेदाराला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर १९-के चं पुढचं वाचून दाखवलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. काम ३० कोटींच्या वरचं आहे त्यामुळं ट्रेनिंग त्याला टाळता येत नाही. आरपीएलचा कॅम्प पुढच्या स्लॅबनंतर लावायचं ठरलंय, दोन दिवसांची अर्धी हजेरी तो देणार, अर्धी मी. परीक्षा मराठी-हिंदीत आणि प्रॅक्टिकलवर जास्त घ्या म्हणून साहेबांना सांगितलंय, ते म्हणाले बघतो.

आता नवीन लफडं. सेंटरिंगची माझी निम्मी पोरं बिहार आणि झारखंडची. आरपीएलच्या नोंदणीला आधारला जोडलेला मोबाईल नंबर लागतो, ओटीपी येतो. सात जणांचे नंबर बंद पडलेत, दर सणाला गावी गेले की सिम बदलून येतात. शिवाय दोघांची आधारवरची नावं आणि बँकेतली नावं जुळत नाहीत. आधार केंद्रावर नंबर बदलून घ्यायला किती दिवस धरायचे? आणि सर्टिफिकेट डिजिलॉकरला आलं पण पोरगं तोवर दुसऱ्या साईटला पळालं तर माझ्या वीस टक्क्यात तो धरतात का?

स्नेहल_सिव्हिल

पळाला तर नाही धरत. कलमात 'कामाच्या कुठल्याही टप्प्यावर' असं आहे, म्हणजे त्या दिवशी हजेरीवर असायला पाहिजे. म्हणून पाचाऐवजी आठ-नऊ जणांना बसवा.

भिमाकाठचा_गवंडी

आनी पास झालेल्याची हजेरी पन्नास रुपयानं वाढवा बापू, मंग न्हाई पळत.